अण्णांना सोरायसिससाठी स्किनच्या डॉक्टरकडं न्यायचंय, जायच्या आधी काय तयारी करावी?

सेलूचा_पोरगा

नमस्कार मंडळी. लई दिवसांपासून इथं नुसतं वाचायलोय, लिहायची ही पहिलीच वेळ, काही इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या.

आमचे अण्णा, वय ५९, सेलू तालुक्यात शेती. सात-आठ वर्षं झाली, कोपरं, गुडघे, कंबरेच्या खाली आणि डोक्यात चट्टे हायत, लाल, वरून चांदीच्या वर्खासारखे पापुद्रे, सकाळी अंथरूण झटकलं की भुसा उडतो नुसता. उन्हाळ्यात जरा दबतं आणि दिवाळीच्या पुढं थंडी सुटली की पुन्हा उसळतं. पहिली दोन-चार वर्षं आम्ही नायटाच समजत होतो, मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणायची, आठ दिवसात साफ, बंद केली की डबल. मग आशाताई कुष्ठरोगाच्या सर्व्हेला घरी आल्या, त्यांनी पाठ बघून संशयित म्हणून नाव लिहून नेलं, त्या दिवशी आमची माय चुलीपुढं बसून रडली. पीएचसीच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की चट्ट्यावर टोचलेलं नीट कळतंय, हा कुष्ठरोग नाही, सोरायसिस वाटतोय, स्किनवाल्याला दाखवून घ्या. ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दाखवलं का? नाही. कधी पेरणी, कधी काढणी, कधी भाचीचं लग्न.

आता एकदाची संभाजीनगरला एका स्किन स्पेशालिस्टची पुढच्या मंगळवारची अपॉइंटमेंट मिळालीय. सकाळच्या रेल्वेनं जायचं, दुपारचा नंबर. गर्दी लई असती म्हणे, आत गेल्यावर दहा मिनिटं मिळाली तरी नशीब. आणि खरी अडचण अण्णाच हायत. डॉक्टरपुढं बसले की, काय त्रास होतोय? काही नाही, बरं हाय. संपलं. बीपीच्या डॉक्टरकडं दर वेळी हेच, मग मीच मधी मधी बोलतो आणि घरी आल्यावर मायच्या लक्षात येतं की हे सांगायचं राहिलं ते सांगायचं राहिलं.

तर कागदं कोणती न्यावीत, त्या दिवशी मलम लावावं का नाही, उपाशी न्यावं का, काय विचारावं, ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. आणि एक, सांगावं का नाही कळना, गावातल्या न्हाव्यानं दोन महिन्यांपासून अण्णांची दाढी करायला टाळाटाळ लावलीय. वस्तरा दुसऱ्यालाबी लावावा लागतो म्हणला. अण्णा त्याला काहीच बोलले नाहीत, उठून आले. त्याचं काय करावं तेबी सांगा.

वनवास_चौदा_वर्षं

भावा, मी अंबाजोगाईचा, नावावरून कळलंच असंल किती वर्षांचा पेशंट हाय ते. तुझं वाचून माझाच पहिला काळ आठवला, मीबी चार वर्षं ट्यूबवर काढली होती.

पहिलं काम, एक पिशवी घे आणि घरात जेवढ्या ट्यूबा, गोळ्यांची रिकामी पाकिटं, तेलाच्या बाटल्या, साबण, शाम्पू जे जे अण्णांच्या अंगाला लागलंय ते सगळं त्यात टाक. दाबून संपलेली ट्यूबसुद्धा. नाव पाठ करून जाऊ नको, तिथं गेल्यावर हिरव्या पट्ट्याची ट्यूब होती एवढंच आठवतं आपल्याला. मेडिकलवाल्यानं दिलेल्या त्या ट्यूबांमध्ये बहुतेक वेळा क्लोबेटासोल नाहीतर बीटामेथासोन असतं, म्हणजे स्टिरॉइड, सोबत बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तिन्ही एकाच ट्यूबीत कालवून. म्हणून आठ दिवसात साफ होतं आणि सोडलं की डबल. डॉक्टरला हे कळणं लई महत्त्वाचं, किती वर्षं, किती वेळा, तोंडाला जांघेला लावली का, कारण तिथली कातडी पातळ असती आणि या ट्यूबांनी अजून पातळ होती.

दुसरं, फोटो. आत्ता सप्टेंबरमध्ये चट्टे बसलेले असतील तर डॉक्टरला डिसेंबरचे दिसणार नाहीत. मागच्या थंडीतले मोबाईलमध्ये असले तर शोध, नसले तर आत्ताचे काढ, घरात ट्यूबलाईटखाली नको, सकाळी ओसरीत उजेडात काढ. एक जवळून, एक लांबून. डोक्यातला, कानामागचा, बेंबीचा, नखांचा पण. नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे हायत का बघ, का नख बोटापासून सुटायलंय, पिवळं तेलाचा डाग पडल्यासारखं झालंय. आम्ही शेतकरी माणसं, नखं खराबच असतात म्हणून सोडून देतो.

जायच्या दिवशी साधी अंघोळ, बस. घासून घासून पापुद्रे काढून चकाचक करून नेऊ नको, माझ्या आईनं पहिल्या वेळी मला काथ्यानं घासून नेलं होतं, डॉक्टर म्हणले आता मी बघू काय. त्यांना तो पापुद्राच बघायचा असतो, कधी खरवडून त्यातला थोडा मायक्रोस्कोपखाली बघतात, बुरशी तर नाही ना म्हणून. त्या दिवशी सकाळी तेल-मलम थापून जाऊ नका, पोटातली रोजची गोळी मात्र चुकवायची नाही. कपडे सैल, पटकन काढता येतील असे. अण्णा धोतर नेसत असतील तर उत्तमच, जीन्सवाल्यांची तिथं लई पंचाईत होती.

किती अंगावर हाय हे सांगायची सोपी युक्ती, पेशंटचा स्वतःचा पंजा बोटांसकट म्हणजे अंगाचा अंदाजे १ टक्का. असे किती पंजे भरतील ते घरीच मोजा.

उपाशी न्यायची गरज सहसा नसती. तीन-चार तासांची वाट बघायची असती, भाकरी बांधून न्या.

आणि घरात कुणाला होतं का ते मायला विचार. चुलते, आत्या, आजा. जुन्या माणसांना सोरायसिस हा शब्द माहीत नसतो, त्यांना विचारायचं असं की कुणाच्या अंगाचा कोंडा पडायचा का. मला मामाचं असंच कळलं, तेबी मामा वारल्यावर.

गावरान_इलाज

करंजाचं तेल आणि कडुलिंबाचा पाला. वांगं, पांढरं, आंबट बंद. तीन महिन्यात मुळापासून जातं. आमच्या पाहुण्यात दोघांचं गेलं. स्किनवाले आयुष्यभर गोळ्या खाऊ घालतात.

वनवास_चौदा_वर्षं

मी वांगं नऊ वर्षं खाल्लं नाही दादा. नऊ वर्षं. चट्टे जिथल्या तिथं आणि हुरड्याच्या दिवसात सगळे वांग्याचं भरीत खायचे अन मी बघत बसायचो. तेल लावा, तेलानं कातडी मऊ राहती, माझं काही म्हणणं नाही. पण मुळापासून जातं म्हणू नका, हे कमी होतं, लपतं, वर्ष-वर्ष येत नाही, मुळापासून जायचं औषध अजून निघालं नाही.

सिस्टर_लातूर

मी लातूरला स्टाफ नर्स आहे, काही वर्षं स्किनच्या ओपीडीत काम केलंय. डॉक्टर नाही, त्यामुळं औषध सांगणार नाही, पण आत काय विचारतात ते सांगू शकते.

सोरायसिस नुसता कातडीचा आजार नाही हे आधी घरच्यांच्या डोक्यात बसू द्या. आपल्या कातडीचा थर खालून वर यायला साधारण महिना लागतो, सोरायसिसमध्ये तेच काम ३ ते ५ दिवसात उरकतं, कच्चा माल वर येतो आणि त्याचे ढीग साठतात, तेच पापुद्रे. हे करते शरीरातली संरक्षणाची यंत्रणा, ती विनाकारण पेटून उठते. म्हणून ती जिथं जिथं पेटेल तिथं त्रास, आणि सांधे ही तिची आवडती जागा. सोरायसिसच्या पेशंटमध्ये बऱ्याच जणांना, काही ठिकाणी १०० मागे ३० पर्यंत धरतात, पुढं सांधे धरतात. चट्टे आधी येतात, सांधे बऱ्याचदा काही वर्षांनी. आणि ज्यांची नखं खराब त्यांना जास्त.

तुम्ही एवढं मोठं लिहिलंत पण सांध्यांबद्दल एक शब्द नाही. अण्णांना घरी निवांत बसवून विचारा, डॉक्टरसमोर नाही, घरी. सकाळी उठल्यावर बोटं, पाठ, कंबर आखडलेली असते का आणि मोकळी व्हायला किती वेळ लागतो. अर्ध्या तासाच्या वर लागत असेल तर ते कागदावर पहिल्या ओळीत लिहा. टाच दुखते का. हाताचं किंवा पायाचं एखादं बोट आख्खं सुजून गाजरासारखं टच्च होतं का. शेतकरी माणूस म्हणतो कामानं दुखतंय. कामाचं दुखणं आराम केला की कमी होतं, हे दुखणं आराम करून उठल्यावर जास्त असतं आणि हालचाल केली की सुटतं. एवढा फरक लक्षात ठेवा. सांधे एकदा वाकडे झाले की सरळ होत नाहीत, म्हणून हे आधी.

दुसरं, बीपीची गोळी कोणती? चिठ्ठी नाहीतर गोळीचं पान सोबत न्याच. बीटा ब्लॉकर गटातल्या काही गोळ्यांनी, म्हणजे अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल वगैरे, काही जणांचा सोरायसिस वाढतो. लिथियम आणि मलेरियाच्या काही गोळ्यांनी पण. म्हणून गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची असं मी म्हणत नाहीये, चुकूनही करू नका, फक्त दाखवा.

तिसरं, अण्णा घेतात का? तंबाखू, दारू. रागावू नका विचारलं म्हणून. पुढं ज्या गोळ्या द्याव्या लागू शकतात त्यातल्या काही लिव्हरवर जातात, खोटं सांगितलं तर त्रास पेशंटलाच. टीबी कधी झाला होता का, घरात कुणाला झाला होता का, हेही आठवून ठेवा, इंजेक्शनची ट्रीटमेंट द्यायची वेळ आली तर आधी टीबीची तपासणी करतात.

चौथं, आणि हे मला सगळ्यात जास्त विचारायचंय. सात-आठ वर्षांत अण्णांनी कुठं कुठली पुडी, चूर्ण, काळी गोळी खाल्लीय का? नीट चौकशी करा. मायला विचारा.

सेलूचा_पोरगा

ताई, तुमचं वाचून रात्री मायला बाजूला घेऊन विचारलं. ती आधी काहीच बोलना, मग फडताळातून एक प्लास्टिकची बरणी काढून आणली. आत पुड्या. खाकी रंगाची पावडर, कागदात बांधलेली, नाव नाही गाव नाही. दीड वर्षापासून अण्णा खायलेत आणि मला पत्ता नाही. यात्रेत एक जण बसतो म्हणे, सांधेदुखी आणि खाज दोन्हीवर एकच पुडी, एकाआड एक दिवस. पुडी खाल्ली की दोन्ही कमी, म्हणून ते कुणाला सांगनात. म्हणजे सांधे दुखतात! सकाळी बैलाचं दावं सोडायला बोटं वळत नाहीत, घंटाभर लागतो म्हणे. हे मला आज कळायलंय, एका घरात राहून.

आणि आम्हाला वाटायचं अण्णांचे गाल भरलेत, तब्येत सुधारली.

बीपीच्या गोळीचं पान सापडलं, सोबत नेतो. दारूचं मी त्यांना विचारू शकत नाही, खरं सांगतो. आमच्याकडं बाप-लेकात ते बोलणं होत नाही.

मोंढा_जालना

पुड्या आजच्या आज उकिरड्यावर फेका!! असल्या पुड्यांत स्टिरॉइड कुटून घालतात, किडन्या जातात. आमच्या गल्लीतला एक माणूस असाच गेला.

सिस्टर_लातूर

थांबा थांबा. फेकू नका आणि अचानक बंदही करू नका. राग बरोबर आहे पण घाई चुकीची आहे.

गाल भरणं, खाज आणि सांधे दोन्ही एकदम कमी होणं, हे वाचून मलाही स्टिरॉइडचाच संशय येतोय, पण नक्की डॉक्टरच ठरवतील. पोटातून स्टिरॉइड दीड वर्ष जात असेल तर शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं. ते एकदम तोडलं तर चक्कर, बीपी उतरणं, आणि सोरायसिसमध्ये तर वेगळाच धोका, चट्टे अंगभर उसळतात, कधी पांढऱ्या पुवाच्या पुटकुळ्या येतात, ताप येतो, सगळं अंग लाल होतं आणि मग अॅडमिटच करावं लागतं. असे पेशंट मी ओपीडीत बघितलेत, प्रत्येक जण म्हणायचा की वाईट औषध होतं म्हणून बंद केलं.

मंगळवारची वाट न बघता उद्याच फोन करून डॉक्टरच्या तिथं सांगा की पेशंट दीड वर्षापासून बिननावाची पावडर खातोय, काय करू. लवकरचा नंबर देतात का बघा. मधेच ताप, अंगभर लाली किंवा पुटकुळ्या आल्या तर थांबायचं नाही, जवळच्या शासकीय मेडिकल कॉलेजला न्या, नांदेड, अंबाजोगाई, संभाजीनगरची घाटी, आमचं लातूर, सगळीकडं स्किनचा विभाग आहे. आणि बरणी सोबत. पुडी कधी शेवटची खाल्ली ती तारीख लिहून ठेवा.

मोंढा_जालना

बरोबर ताई, मला हे माहीत नव्हतं. शब्द मागं घेतो.

लाल_डबा

मी हिंगोलीकडचा, कंडक्टर आहे, मेथोट्रेक्सेट या सोरायसिसच्या गोळीवर पाच वर्षं काढलीत, आता बंद आहे. सगळ्यांनी जायच्या आधीचं सांगितलं, मी डॉक्टरच्या टेबलावरून उठायच्या आधी काय विचारायचं ते सांगतो कारण लोक चिठ्ठी घेतात आणि पळतात.

मलम दिलं तर किती लावायचं ते विचारा, थोडंसं म्हणजे काय थोडंसं. मला एका डॉक्टरनं दाखवलं होतं, ट्यूबमधून बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेवढी रेघ निघते तेवढ्यात दोन पंज्यांएवढी जागा भागते. त्या हिशोबानं महिन्याला ट्यूबा किती लागतील ते लगेच कळतं, आणि खर्चही कळतो. डोक्याचं वेगळं, जांघेचं वेगळं, कोपराचं वेगळं असू शकतं, प्रत्येक ट्यूबवर मार्करनं चित्र काढून घ्या, अण्णांना वाचायचा कंटाळा असेल तर. मी माझ्या आईच्या ट्यूबांवर काढतो, डोकं, पाय, हात.

गोळी दिली तर रोजची का आठवड्याची, हे दोन वेळा विचारा. मेथोट्रेक्सेट ही आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एकदाच. रोज खाल्ली तर माणूस मरू शकतो, तोंड सोलतं, रक्त बनायचं थांबतं, अशा केसेस झालेल्या आहेत आणि बहुतेक वेळी चूक एवढीच की घरी कुणीतरी रोजच्या गोळ्यांच्या डबीत टाकली. मी तिचा दिवस आमच्या गावच्या आठवडी बाजाराचा ठेवला होता, बाजार केला, पिशवी ठेवली, गोळी. पाच वर्षांत एकदा चुकली नाही. तिच्यासोबत द्यायची फॉलिक अॅसिडची गोळी वेगळी असते, ती कुठल्या दिवशी ते पण लिहून घ्या. रक्ताची तपासणी ठरलेल्या वेळी करावीच लागते, ती सेलूत होईल का संभाजीनगरलाच यावं लागेल ते विचारा.

आणि मशीनमध्ये उभं करून प्रकाशाची ट्रीटमेंट देतात ती सांगितली तर आधी प्रवासाचा हिशोब मांडा. आठवड्यातून दोन-तीन वेळा आणि असं काही महिने. चांगली आहे, मी घेतलेली नाही कारण ड्युटी, पण ज्यांनी घेतली त्यांना फरक पडलाय. सेलूहून आठवड्याला तीन चकरा मारायच्या तर कोण नेणार, हे तिथंच बोला. डॉक्टरला आपलं गाव किती लांब ते माहीत नसतं, आपण मान हलवून येतो आणि दुसऱ्या आठवड्यापासून जात नाही. जमणार नाही म्हणायला लाजू नका, दुसरा पर्याय देतात.

अजून एक, उन्हाचं. कुणी म्हणेल ऊन चांगलं असतं तर मे महिन्यात अण्णांना उघडं बसवू नका. कोवळं ऊन वेगळं आणि आपल्याकडचं ४२-४३ चं ऊन वेगळं, भाजलं की त्या जागी नवा चट्टा. खरचटलं तरी येतो. माझ्या पायाला तिकिटाच्या पेटीचा कोपरा लागायचा, बरोबर तिथंच आला. अण्णांना तुरीचे खुंट, सोयाबीनच्या शेंगांची टोकं लागत असतील, पुढच्या महिन्यात काढणी आहे, बघा पायावर तसे रेघेत आलेत का.

माजलगावची_लेक

मी स्वतः पेशंट आहे, बाईमाणूस, म्हणून थोडं वेगळं लिहिते. आधी बारीक गोष्ट, कुणी बाई वाचत असेल तर डॉक्टरकडं जायच्या आधी नखांना मेंदी, नेलपेंट लावू नका, मी सणाच्या दुसऱ्या दिवशी गेले होते, दहाही नखं लाल, डॉक्टरांना नखं बघताच येईनात, पुन्हा यावं लागलं.

आता अण्णांचं. दादा, तुम्ही म्हणता ते बोलत नाहीत, मी मध्ये बोलतो. मग ते बोलतील कसे? माझ्यासोबत माझा नवरा यायचा, तोच सगळं सांगायचा, हिला खाज येते, हिला झोप येत नाही. मला जांघेत आणि छातीखाली होतं ते मी चार वर्षं सांगितलंच नाही, नवऱ्यासमोर नाही, डॉक्टर पुरुष असला तर त्यालाही नाही. ते एकदा नवरा गाडी लावायला गेला होता तेव्हा सांगितलं. डॉक्टर म्हणले, एवढंच? हे तर नेहमी असतं, त्याला वेगळं मलम आहे. चार वर्षं.

तेव्हा तुम्ही आत जा, कागद द्या, पिशवी उघडून दाखवा, पुड्या ठेवा, आणि मग कायतरी निमित्त काढून बाहेर या. पाणी आणायला, फी भरायला, काहीपण. पाच मिनिटं. दारूचं तुम्हाला विचारायची गरजच पडणार नाही, डॉक्टर विचारतील. काही ठिकाणी दहा प्रश्नांचा कागद भरून घेतात, मागच्या आठवड्यात या आजारानं कपडे, काम, झोप, नवरा-बायकोचं, कशात किती अडचण आली असं सगळं, ३० पैकी मार्क. तो कागद तुम्ही भरू नका. डॉक्टर नाहीतर सिस्टर वाचून दाखवतील.

न्हाव्याचं वाचून मला आमच्या हळदी-कुंकवाचं आठवलं, जाऊ द्या. डॉक्टरकडून लेटरहेडवर दोन ओळी मराठीत लिहून घ्या की हा आजार स्पर्शानं, कपड्यानं, वस्तऱ्यानं पसरत नाही. लिहून देतात. मी शाळेत दिलं होतं.

गावरान_इलाज

एवढं सगळं करून शेवटी बरं होत नाहीच म्हणता ना? मग.

वनवास_चौदा_वर्षं

बीपी पण बरा होत नाही दादा, गोळी खाता ना?

सेलूचा_पोरगा

जाऊन आलो. उशिरा लिहायलोय, उडदाच्या राशीत गुंतलो होतो.

सिस्टर ताईंनी सांगितल्यासारखा दुसऱ्याच दिवशी फोन लावला, पुडीचं सांगितलं, त्यांनी मंगळवारचा शुक्रवार करून दिला आणि तोवर पुडी चालूच ठेवा, बंद करू नका म्हणले. अण्णांना कारण सांगितलं नाही, नुसतं तारीख अलीकडं आली म्हणलं.

कागद केला होता, एका बाजूला. पहिली ओळ सकाळी बोटं घंटाभर आखडतात. दुसरी, पुडी दीड वर्ष. तिसरी, ट्यूबा पाच-सहा वर्षं. मग चट्टे, पंजे मोजले तर सात भरले. डॉक्टरनं कागद वाचला, पिशवीतल्या ट्यूबा टेबलावर ओळीनं मांडल्या, सतरा निघाल्या, सतरा! अण्णा स्वतःच बघत राहिले. पुडी उघडून बघितली, वास घेतला आणि अण्णांना विचारलं, याच्यानं बरं वाटायचं ना? अण्णा म्हणले हाव, लई. मला वाटलं आता बोलतील, पण रागावले नाहीत. म्हणले वाटणारच.

बीपीची गोळी अॅम्लोडिपिन निघाली, तिचा याच्याशी संबंध नाही म्हणले. म्हणजे तो आपला तर्क चुकला, पण पान नेलं होतं म्हणून तिथल्या तिथं मिटलं.

मग मी फी भरायच्या निमित्तानं बाहेर आलो. फी आधीच भरलेली होती, हे अण्णांनाबी माहीत होतं, त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि काही बोलले नाहीत. पाच मिनिटं म्हणलं होतं, वीस मिनिटं झाली. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. चिठ्ठीवर दोन मलमं जास्तीची दिसली आणि एक ओळ इंग्रजीत, अल्कोहोलच्या पुढं काहीतरी लिहिलंय, ते मी वाचलं नाही. म्हणजे वाचलं, पण इथं लिहीत नाही.

हाताचे-पायाचे एक्स-रे केले, रक्त घेतलं, लिव्हर, किडनी, युरिक अॅसिड, संधिवाताची एक तपासणी. शुगर २४० आली. अण्णांना शुगर कधीच नव्हती, डॉक्टर म्हणले पुडीत स्टिरॉइड असंल तर त्यानंबी वाढती, पुन्हा तपासू. पुडी बंद करून त्याच्या जागी मोजून-मापून गोळी दिलीय, दर आठवड्याला कमी करत न्यायची, तक्ता करून दिलाय, तो भिंतीला चिटकवलाय. सोरायसिसची पोटातली गोळी रिपोर्ट सगळे आल्यावरच ठरवू म्हणले. सांध्याच्या डॉक्टरला पण दाखवायचंय, त्यांची चिठ्ठी दिलीय. प्रकाशाच्या मशीनचं विचारलं, मी लाल डबा भाऊंचं ध्यानात ठेवून सरळ म्हणलं की आठवड्याला तीन चकरा होणार नाहीत, बरं म्हणले, मग ते सोडून देऊ.

ट्यूबांवर चित्रं काढलीत. जांघेच्या ट्यूबवर काय काढावं कळना, मायनं नुसती फुली मारली.

न्हाव्यासाठी चिठ्ठी मागायचं मी विसरलोच होतो. ती अण्णांनीच मागून घेतली होती, आत, मी नसताना. रेल्वेत परतूरच्या पुढं आल्यावर खिशातून काढून मला वाचायला दिली, परत घेतली आणि घडी घालून पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये ठेवली. न्हाव्याकडं अजून गेले नाहीत. मी विचारलं नाही.

पुढची तारीख १५ दिवसांनी, म्हणजे नेमकी सोयाबीनच्या काढणीत. संभाजीनगरला किंवा नांदेडला सांध्याचे, म्हणजे हाडाचे नाही, संधिवाताचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात कुणाला माहीत असलं तर मेसेज करा, एकाच फेरीत दोन्ही उरकता आलं तर बघतो.